सोडा, एक चमचा

"यातल्या कशाला वास नाही?"

काउंटरवर डिओडरंटच्या सात बाटल्या ओळीने मांडून एक माणूस मला विचारत होता. सातही त्याने हुंगून झाल्या होत्या. त्यात तो तीनदा शिंकला होता, आणि आता आठवीची वाट बघत होता. दुपारचे तीन वाजलेले. पंखा फिरत होता म्हणायचं, इतकंच.

"वासासाठीच तर लोक ती घेतात," मी म्हणाले. "वास नको असेल तर साबण आणि पाणी."

"साबणालाही वास असतो."

"मग नुसतं पाणी."

"नुसत्या पाण्याने भागवलं तर दुपारी माझा वास येतो ना," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

असं खरं बोलणारं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानात क्वचित येतं. इथे सगळे स्वतःचा आजार 'मित्रासाठी हवंय' म्हणून सांगतात. मी वर पाहिलं. पस्तिशीच्या आतला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्ट पाठीला चिकटलेला. नाक मात्र खरोखर मोठं.

त्याने कारण सांगितलं. तो एका चहा कंपनीत चहा चाखायचं काम करायचा. रोज शंभर-सव्वाशे कप. त्या खोलीत अत्तर, पावडर, केसांचं तेल, काहीही लावून जायला बंदी होती. घामाला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्याच्या वरिष्ठ बाईंनी काल भर खोलीत कपावरून मान वर करून विचारलं होतं, "या चहात माणूस कुठून आला?"

मला हसू आलं. मी ते खोकल्यावर घातलं. तो म्हणाला, "हसा, हसा. बाकीचेही हसले."

मी त्याला सांगितलं की असलं काही घरी करता येतं. मी स्वतः चार वर्षं तेच वापरते. वास काढलेलं खोबरेल, पांढरं मेण, आरारूट आणि सोडा. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तेल-मेण वितळवायचं, खाली उतरवून पुड्या मिसळायच्या, डबीत ओतायचं. पंधरा मिनिटांचं काम.

मागून मामा म्हणाला, "वा! दुकानातला माल विकायचा सोडून गिऱ्हाइकाला घरी करायला शिकव. उद्या गोळ्या कशा वळायच्या तेही सांग."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. दुकान त्याचं. औषधशास्त्राची पदवी माझी, म्हणून चिठ्ठ्या मी वाचते आणि टोमणे तो मारतो. आमची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

मी कागद ओढला आणि लिहायला लागले. तेल तीन चमचे. मेण एक. आरारूट दोन...

"सकाळी कुणाची दाढ दुखत होती का?" त्याने विचारलं.

"काय?"

"तुमच्या बोटांना लवंगेचं तेल आहे. उजव्या हाताच्या. आणि त्यावर कसलं तरी गोड... मुलांचं खोकल्याचं औषध?"

दोन्ही बरोबर होतं. दाढवाला दहा वाजता आला होता, खोकलेवाली बारा वाजता. त्यानंतर मी दोनदा हात धुतले होते. कुणी माझ्या हातांकडे इतकं लक्ष दिल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि यानं तर ते न बघताच दिलं होतं. मी घाईघाईने शेवटची ओळ लिहिली – सोडा, एक चमचा – आणि कागद त्याच्या हातात दिला.

तो 'आभारी आहे' म्हणून गेला. मामा दाराकडे बघत राहिला.

"सगळं गाव तुला ताई म्हणतं," तो म्हणाला. "दूधवाला म्हणतो, शाळेतले मास्तर म्हणतात, साठीचे आजोबा म्हणतात. हा एकदाही म्हणाला नाही."

"विसरला असेल."

"छे! हा नाकासमोर चालणारा माणूस. आणि नाक केवढं आहे पाहिलंस ना? दिशा चुकायची नाही."

चार दिवसांनी तो परत आला. आला म्हणजे, दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरून दारातून आडवा आत शिरला.

"तुमचं औषध जालीम आहे," तो म्हणाला. "वास गेला. कातडीही गेली."

मी त्याला आतल्या खोलीत नेलं, बाही वर करायला लावली, आणि पाहून माझ्याच अंगावर काटा आला. काखेत लालबुंद भाजल्यासारखं झालं होतं.

"सोडा कुठला घेतलात?"

"वाण्याकडचा. त्याने विचारलं, कशाला हवाय? मी म्हटलं, घाण वास घालवायला. त्याने लगेच काढून दिला."

धुण्याचा सोडा! कपडे धुण्याचा, मोरी घासण्याचा. त्याने खिशातून काढलेला माझा कागद मी पाहिला. 'सोडा, एक चमचा.' खाण्याचा की धुण्याचा, काही नाही. नऊ वर्षं मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय. 'पोटात घेण्यासाठी', 'फक्त बाहेरून', 'जेवणानंतर'. माझ्या हातून एक शब्द गळल्याचं दाखवा आणि हवं ते मागा, असं मी मामाला ऐकवत असे. आता मामा दारात उभा होता आणि काय मागावं याचा विचार करत होता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पूर्णपणे माझी. मला फार... मला खरंच वाईट वाटतंय."

"असू दे हो."

"असू कसं द्यायचं? तुम्हाला हात खाली घेता येत नाहीत."

"येतील. पण मला एक सांगा. तुमच्या हातून अशी चूक नेहमी होते?"

"कधीच नाही!"

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि भाजलेल्या माणसाच्या मानाने जरा जास्तच खूश दिसला.

मी त्याला लावायला थंड मलम दिलं आणि दहा दिवस काहीही लावायचं नाही असं बजावलं. अकराव्या दिवशी बुधवार होता. बुधवारी दुपारी आमचं दुकान बंद असतं. त्याची कातडी पूर्ववत झाली होती. या वेळी सगळं माझ्या डोळ्यांसमोर करायचं, असं मीच म्हणाले.

आतल्या खोलीत माझा तराजू, छोटी शेगडी आणि दोन पातेली. तो प्रत्येक वस्तू आधी नाकाशी नेई. आरारूट हुंगून म्हणाला, "हे वेलदोड्यांशेजारी ठेवलेलं होतं." होतं. मेणाला त्याने पूर्ण गुण दिले. मग मला हुंगायचं कसं ते शिकवलं. आधी श्वास सगळा बाहेर सोडायचा, क्षणभर थांबायचं, मग थोडासाच आत घ्यायचा. "लोक एकदम ओढतात," तो म्हणाला. "घाई केली की काहीच हाती लागत नाही."

"हे तुम्ही चहाबद्दल बोलताय ना?"

"मी... हो, चहाबद्दल."

त्याचे कान लाल झाले. मी मेण ढवळत राहिले, ते केव्हाच वितळलं होतं तरी.

पहिली खेप फार मऊ झाली. त्याच्या पिशवीत वितळली आणि त्याच्या डब्यातल्या पावाला लागली. पुढच्या बुधवारी दुसऱ्या खेपेत मी मेण वाढवलं, तर ती इतकी कडक झाली की लावताना खरवडावी लागे. तिसरी मात्र बेतशीर उतरली. आता प्रश्न होता तपासायचं कुणी?

"स्वतःचा वास स्वतःला येत नाही," तो म्हणाला. "आमच्यातल्या भल्याभल्यांना येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी..."

त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवसभराचं काम आटोपून, तो दुकानाच्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला, आणि मी हातभर अंतरावर. "हात वर करा," मी म्हणाले. बाहेरून मामा ओरडला, "अटक करतेयस का गं?"

मी श्वास बाहेर सोडला. थांबले. थोडासाच आत घेतला.

घामाचा वास अजिबात नव्हता. चहाचा होता, शर्टाच्या कापडाचा होता, आणि त्याखाली एक साधा, कोमट वास होता तो त्याचाच असणार. तो मला आवडला. इतका आवडला की मी दुसऱ्यांदा श्वास घेतला, आणि त्याची काहीच गरज नव्हती. मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे, हे मला तिथे, खोक्यांच्या थप्पीशेजारी उभं असताना स्पष्ट कळलं.

"काय निकाल?" त्याने विचारलं.

पास म्हटलं असतं, तर तो डबी घेऊन गेला असता. बुधवारी यायला काही कारणच उरलं नसतं.

"नापास," मी म्हणाले.

खोटं. नऊ वर्षांच्या नोकरीतलं पहिलं.

"मग सोडा वाढवू या," तो म्हणाला. मला 'नको' म्हणायला जागाच ठेवली नव्हती मी. पुढच्या बुधवारी चौथी खेप दुप्पट सोडा घालून झाली. खाण्याचाच, पण दुप्पट.

त्यानंतरच्या शनिवारी मी जेवायला घरी गेले असताना तो येऊन गेला. मामाकडे चिठ्ठी ठेवून गेला होता, संध्याकाळी उत्तर न्यायला येतो म्हणून. मी परत आले तेव्हा दुकानात ही गर्दी. चिठ्ठी उभ्याउभ्याच वाचली. 'दोन दिवस लावलं. वास नाही. पण खूप खाज येते, लाल झालंय. काय करू?'

दुप्पट सोड्याने दुसरं काय होणार! मला स्वतःचाच राग आला. मी एका कोऱ्या पाकिटावर उत्तर लिहिलं –

'सोडा सोडा. बाकी आहे तसंच राहू द्या.'

पाकीट मामाकडे दिलं, त्याची चिठ्ठी सवयीने बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर तारेत खोचली, आणि खोकल्याची बाटली काढायला शिडीवर चढले. सहा वाजता मी आत गोळ्या मोजत असताना तो येऊन पाकीट घेऊन गेला. मामा म्हणाला, वाचलं, घडी घातली आणि गेला.

बुधवारी तो आला नाही.

मला वाटलं, काम असेल. दुसऱ्या बुधवारीही आला नाही. मी पातेली काढून ठेवली होती, ती पुन्हा आत ठेवली. मामा त्या दिवशी एकही टोमणा न मारता बसला, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळलं. त्याच्या घरचा पत्ता मला माहीत नव्हता. आणि माहीत असता तरी काय म्हणून जाणार होते? तुमची काख कशी आहे, विचारायला?

पुढच्या शनिवारी मामा तारेतल्या जुन्या चिठ्ठ्या काढून गठ्ठे बांधायला बसला. दर पंधरवड्याला बांधतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"ही कुठल्या डॉक्टरची?" त्याने विचारलं. "यात औषधच नाही."

"ती त्यांची. नाकवाल्यांची. फेकून दे."

"मागे बरंच लिहिलंय गं."

"मागे?"

"'कंपनी मला दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर पाठवतेय,'" मामा चष्मा वर करून मोठ्याने वाचायला लागला. "'निदान तीन वर्षं. मला जायचं नाहीये, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबतो. पंधरा दिवसांत कळवायचंय. काय करू?'"

दोन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. एकीला पोटाची गोळी हवी होती, ती विसरली.

डॉक्टर चिठ्ठीच्या एकाच बाजूला लिहितात. नऊ वर्षांत मी एकही चिठ्ठी उलटून पाहिलेली नव्हती. खाली कोपऱ्यात त्याने बाण काढला होता. तो मला सहीचा फराटा वाटला होता. आणि त्या बाणापलीकडच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं – सोडा, सोडा. बाकी आहे तसंच राहू द्या.

"मामा... आज कितवा दिवस?"

मामाने बोटं मोजली. "चौदावा. पळ! गोळी मी देतो."

"चुकीची देऊ नकोस."

"तू बोलतेस मला!"

चहा कंपनीचा पत्ता त्यांच्या पुड्यावरच छापलेला होता. दुसऱ्या मजल्यावर एका दारावर मोठी पाटी होती – 'वास घेऊन आत येऊ नये'. मी सकाळी निलगिरीची मोठी बाटली भरत होते. अर्धी माझ्या ओढणीवर सांडली होती. मी दार ढकललं.

लांब पांढरं टेबल, त्यावर कपांची रांग, चार माणसं हातात चमचे घेऊन उभी. एक ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई ताठ झाल्या.

"निलगिरी कोण घेऊन आलं?"

तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता, माझ्याकडे पाठ करून. त्याने वळून पाहिलं नाही. चमचा हळूच खाली ठेवला.

"औषधाचं दुकान," तो म्हणाला.

"आता या बारा कपांचं मी काय करू?" बाईंनी विचारलं. "तुझ्याकडे आलंय ना ते दुकान? मग बाहेर ने."

बाहेर जिन्यापाशी आम्ही उभे राहिलो. तो वाळला होता. हात मात्र नीट अंगालगत होते, म्हणजे खाज गेली होती.

"तुम्ही यायला नको होतं," तो म्हणाला. "मी समजलो होतो. त्यात काही..."

"मी चिठ्ठी उलटली नाही."

"म्हणजे?"

"मागची बाजू मी आज ऐकली. मामाने वाचून दाखवली. अजून दोघांनी ऐकली."

"मग 'सोडा सोडा' हे..."

"खाण्याचा सोडा. तो सोडा. घालू नका."

"आणि 'बाकी आहे तसंच राहू द्या'?"

"तेल, मेण, आरारूट!"

त्याने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "दोनदा लिहिलं होतंत," तो म्हणाला. "एकदाच 'सोडा' असतं, तर मी निदान पुन्हा विचारायला आलो असतो. दोनदा म्हटल्यावर मला वाटलं, फारच कंटाळल्या आहेत."

मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी भराभर बोलले. "आणि तिसरी खेप पास होती. अगदी शंभर टक्के. मी खोटं सांगितलं. पास म्हटलं असतं तर तुम्ही बुधवारी आला नसता. तुम्ही सोडा वाढवलात तो माझ्यामुळे, खाज आली ती माझ्यामुळे. पहिल्यांदा भाजलात तेही माझ्यामुळेच. तुम्ही माझ्या हातांबद्दल बोललात आणि मला नीट लिहायचं सुचलं नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता. हे आधी सांगायला हवं होतं."

त्याने डोळे उघडले. कान लाल होते.

"मी होकार दिलाय," तो म्हणाला. "काल. पत्र बाईंच्या टेबलावर आहे, चार वाजता टपालात जातं."

"तिथे तुम्ही मुख्य होणार?"

"हो. इथे बाई आहेत. त्या अजून दहा वर्षं जागच्या हलत नाहीत."

"बारा!" आतून बाईंचा आवाज आला.

एखाद्याला मोठी जागा मिळत असताना 'नको जाऊस' म्हणणारी मी कोण? उद्या तोच म्हणाला, तुझ्यापायी राहिलो, तर? मी तसं त्याला सांगूनही टाकलं.

"तसं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "शंभर कपांचे दीडशे कप, एवढाच फरक आहे. मला इथे राहायचंय ते मी आधीच लिहिलंय. पण एकट्यानेच राहायचं असेल तर मी तिकडेही राहू शकतो. तेवढंच मला कळायला हवं. आणि या वेळी 'सोडा' हा शब्द न वापरता."

"चूक त्या शब्दाची नाही."

"नाही. चूक 'तुम्ही'ची आहे. आपण एकमेकांना 'तू' म्हणत असतो, तर तुम्ही 'सोडा सोड' लिहिलं असतंत. मी खाजवत खाजवत का होईना, वाचून हसलो असतो."

मी विचार केला. व्याकरणात तो अगदी बरोबर होता. सव्वातीन वाजले होते. खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकी ओढत होतं. मी श्वास सगळा बाहेर सोडला.

"थांब," मी म्हणाले.

शेवटचा काना मी घातला नाही. त्यालाही ते ऐकू आलं. त्याच्या चेहऱ्यावर ते आधी ओठांत आणि मग डोळ्यांत पोचलं, आणि मला उगीचच माझी निलगिरीची ओढणी नीट करावीशी वाटली.

तो आत गेला. दार उघडंच राहिलं. बाई म्हणाल्या, "ते घे तुझं पत्र, मला काही सांगू नकोस, मी बहिरी नाही. आणि हे बाराही कप ओतून पुन्हा भर." मग पाणी ओतल्याचा आवाज आला, कपबशांचा आवाज आला, आणि त्याचं डोकं दारातून बाहेर आलं.

"बारा कपांना अर्धा तास लागेल," तो म्हणाला. जरा अडखळला. "तू... बसशील?"

"बसते," मी म्हणाले, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.